मर्यादवेलीच्या अलीकडे



आमचें वडीगोद्री हें गांव जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत आहे. तेथून समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें तीनशें किलोमीटर दूर पडतो. धुळें-सोलापूरचा हमरस्ता गांवावरून जातो, गोदावरी दक्षिणेस कांहीं कोसांवर आहे, आणि वर्षाचे आठ महिने जें वारें आमच्या अंगावरून जातें त्याला धुळीचा वास असतो, मिठाचा नसतो. तेव्हां समुद्रकांठीं विश्रांतीसाठीं घर कसें बांधावें, आणि आजवर लोकांनीं तें कसें बांधलें, या विषयावर बोलण्याचा अधिकार वडीगोद्रीच्या एका निवृत्त शाळामास्तरास कोणीं दिला, असा प्रश्न आपल्या मनांत आल्यास त्यांत वावगें कांहीं नाहीं. माझी बाजू एवढीच कीं, भूमीला धरून बांधलेलें घर म्हणजे काय, हें मी पुस्तकांत वाचण्यापूर्वीं माळवदाखालीं निजून शिकलों आहें. आणि दुसरें असें कीं, हा इतिहास मीं हौसेनें नव्हे, तर एका विद्यार्थ्यावर आलेल्या प्रसंगामुळें चाळला.

प्रथम माळवदाविषयीं दोन शब्द. आमच्याकडे वर्षाकांठीं सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. कित्येक वर्षीं तेवढाही पडत नाहीं. उन्हाची मात्र कधीं टंचाई नसते. म्हणून आमच्या जुन्या घरांच्या भिंती मातीच्या आणि हात-दीड हात जाडीच्या. तुळयांवर किलचन, किलचनावर पाला आणि पाल्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असें तें सपाट छप्पर. उजेडासाठीं व धुरासाठीं छपराला एक साणें ठेवलेलें असे. दुपारीं बाहेर वणवा पेटल्यासारखें ऊन असतांना आंत माठाजवळ बसल्यासारखा गारवा असे, आणि रात्रीं त्याच छपरावर अंथरूण टाकून चांदण्या मोजीत निजतां येई. हेंच घर उचलून कोंकणांत नेऊन ठेवलें तर मृगाच्या पहिल्या चार दिवसांत त्याचा चिखल होईल. कारण रत्नागिरीस आमच्या चौपटीहून अधिक पाऊस पडतो. उलट, कोंकणांतील उतरत्या कौलांचें, पातळ पडव्यांचें घर आमच्या माळावर आणलें तर वैशाखांत त्यांत कोणास बसवणार नाहीं.

आतां विद्यार्थ्याची गोष्ट. २०१८ सालच्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो पुण्यास बांधकामाचा व्यवसाय करतो. शेतकऱ्याचा मुलगा असल्यामुळें शेतजमीन विकत घेण्यास त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. त्यानें रायगड जिल्ह्यांत समुद्राजवळ कांहीं गुंठे जमीन घेतली होती. भरतीच्या रेषेपासून कायद्यानें सांगितलेलें अंतर सोडूनच तो घर बांधणार होता. त्यानें नकाशा माझ्यापुढें पसरला. दोन मजले, सपाट सिमेंटचें छप्पर, आणि पश्चिमेकडची सारी भिंत कांचेची. "गुरुजी, खाटेवर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे," असें तो म्हणाला. दुष्काळी मुलखांत वाढलेल्या मुलाला पाण्याची एवढी ओढ असावी, यांत मला नवल वाटलें नाहीं. मीं नकाशाचें कौतुक केलें. तें करावयास नको होतें, असें आतां वाटतें.

२०२० च्या फेब्रुवारींत वास्तुशांतीला त्यानें मला नेलें. घर देखणें झालें होतें. घरापासून पाण्यापर्यंत उघडें मैदान पसरलें होतें. तेथें पूर्वीं वाळूचा उंच बांध व त्यावर केवड्याचें बन होतें. परंतु जमीन विकणाऱ्यानें तें सारें आधींच सपाट करून ठेवलें होतें, कारण समुद्र उघडा दिसला कीं जागेचा भाव चढतो. शेजारीं मात्र एका वृद्ध बाईंची नारळी-पोफळीची वाडी होती आणि तिच्यापुढें तो बांध जसाच्या तसा उभा होता. संध्याकाळीं मी त्या बाजूस फिरावयास गेलों. वाळूवर एक वेल पसरली होती; पानें आपट्याच्या पानासारखीं मध्यें चिरलेलीं, फुलें जांभळट गुलाबी. मीं नांव विचारलें. बाई म्हणाल्या, "ही मर्यादवेल, मास्तर. हिच्या पलीकडचं समुद्राचं, अलीकडचं आपलं."

त्या एका वाक्यानें मला घरीं येऊन पुस्तकें उघडावयास लावलीं, आणि तेथून पुढें माझी समजूत बदलत गेली. कोंकणच्या किनाऱ्यावर घर बांधण्याचा इतिहास हा बव्हंशीं या वेलीच्या कोणत्या बाजूस राहावयाचें आणि समुद्राकडे तोंड करावयाचें कीं पाठ, याचाच इतिहास आहे.

गुहागर, दापोलीजवळचें मुरूड किंवा अलिबागजवळचें नागांव, या गांवांची रचना पाहा. किनाऱ्याला समांतर असा एकच लांब रस्ता, दोन्ही बाजूंस घरें, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागें पुळणीपर्यंत गेलेल्या अरुंद वाड्यांच्या पट्ट्या. समुद्राकडून येतांना प्रथम पुळण लागते. मग वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल. मग केवडा, आणि त्याच्या जोडीला उंडीसारखीं खाऱ्या वाऱ्याला न भिणारीं झाडें. सुरूचें झाड आज किनाऱ्यावर सर्वत्र दिसतें, पण तो पाहुणा आहे. त्याचें मूळ घर ऑस्ट्रेलिया व पूर्वेकडील बेटें. यांच्या आड माड. माडांच्या सांवलींत पोफळी, कारण ती नाजूक. तिला ऊन भाजतें आणि वारा मोडतो. आणि या सर्वांच्या आड, शेवटीं, माणसाचें घर. सैन्याच्या रचनेंत सेनापतीची राहुटी जेथें असते तेथें तें घर असतें. अशा वाड्यांच्या मुलखास आगर म्हणतात, आणि अलिबाग-रेवदंड्याच्या पट्टीस अष्टागर हें नांव त्यावरूनच मिळालें.

या रचनेचें खरें मर्म वाळूच्या बांधाखालीं, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागीं आहे. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें व खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, कारण गोडें पाणी वजनानें हलकें असतें. हा नियम बॅदोन गायबेन या डच इंजिनियरानें १८८९ च्या सुमारास आणि हर्त्झबर्ग या जर्मन गृहस्थानें १९०१ सालीं स्वतंत्रपणें मांडला. समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी सांठलेलें असतें. याचा दुसरा अर्थ असा कीं, वरची पातळी उपशानें एक फूट उतरली तर खालून खारें पाणी चाळीस फूट वर चढूं पाहतें. आगरांतल्या विहिरी उथळ असत आणि त्यांवर रहाट बसवलेले असत. रहाटाच्या गाडग्यांनीं हळूहळू, बैलाच्या चालीनें पाणी निघे आणि पाटांतून झाडांच्या आळ्यांपर्यंत जाई. विजेचा पंप एका तासांत जेवढें ओढतो तेवढें त्या बैलाला दिवसभर पुरे. बैलाला हा डच सिद्धांत ठाऊक नव्हता. पण त्याच्या चालीनें विहीर गोडी राहिली. वाळूचा बांध खणून नेला म्हणजे पाणी सांठण्याची जागाच गेली, आणि भरतीचें पाणी आंत येण्यास दार उघडें झालें.

आतां प्रत्यक्ष घर. रत्नागिरीकडे तें जांभ्या दगडाचें. या दगडाला फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं लॅटराइट हें नांव दिलें; लॅटिन भाषेंत त्या मूळ शब्दाचा अर्थ वीट असा होतो. खाणींत असतांना तो कुऱ्हाडीनें कापण्याइतका मऊ असतो आणि हवेंत राहिला कीं घट्ट होत जातो, म्हणून तेथले लोक त्याचे चौकोनी चिरे काढतात. उत्तरेस, अलिबागच्या बाजूस, काळा दगड. जोतें उंच, पुढें अंगण, ज्याला तेथें खळें म्हणतात, मग पडवी, ओटी आणि आंत अंधारें माजघर. छपराचा उतार इतका, कीं पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात, आणि वळचण इतकी खालीं, कीं उंच माणसानें आंत जातांना मान लववावी. पावसाळ्यापूर्वीं पश्चिमेच्या बाजूस माडाच्या झांपांचे आडोसे बांधावयाचे आणि दसऱ्याला ते काढून टाकावयाचे; म्हणजे घरालाही वर्षांतून एकदां कपडे चढत व उतरत. वाडीभोंवतीं चुन्याशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून केलेला गडगा. त्याच्या फटींतून पावसाचें पाणी निघून जातें, म्हणून तो सहसा कोसळत नाहीं. पश्चिमेकडे मोठी खिडकी मात्र कोठेंच नाहीं. शेंकडों वर्षें समुद्राच्या हांकेवर राहणाऱ्या या लोकांनीं घराची पाठ समुद्राला केलेली आहे. ज्यांना रोज त्यांत होडी लोटावयाची आहे किंवा त्याच्या वाऱ्याशीं झाडें जगवावयाचीं आहेत, त्यांना घरीं आल्यावर तो पाहण्याची हौस कोठून असणार?

झाडांविषयींचा हा विवेक घराच्या धन्यापुरताच होता असें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीं, आरमारासाठीं लांकूड तोडण्याविषयीं जो मजकूर आहे तो पुष्कळांना ठाऊक आहे. आंबा-फणसादि झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी तीं एक-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढवलेलीं असतात, सबब मालकाला राजी करून मोल दिल्याशिवाय त्यांना हात लावूं नये, असा त्याचा आशय आहे. आज जागा सपाट करणाऱ्या यंत्राच्या चालकास हा मजकूर वाचून दाखवावा असें वाटतें. पण त्याचें पोट यंत्राच्या तासांवर चालतें, आणि दोष त्याचा नाहीं.

समुद्राकडे तोंड करून बसण्याची चाल मुख्यतः इंग्रजांबरोबर आली. बंगला हा शब्दच मुळीं बंगालच्या उतरत्या छपराच्या झोंपडीवरून निघाला. साहेबानें ती झोंपडी मोठी केली आणि तिला चारी बाजूंनीं व्हरांडा लावला. मुंबईंत मलबार पॉइंट येथें, तिन्ही बाजूंस समुद्र असलेल्या टोंकावर, गव्हर्नर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ ते १८२७ या आपल्या कारकीर्दींत निजण्यासाठीं एक लहान स्वतंत्र बंगला करवला. त्याच्या मागून आलेल्या सर जॉन माल्कमनें १८२८ सालीं तो वाढवण्यास सांगितलें. परळच्या वाड्यापासून दूर, वाऱ्यावर येऊन बसण्याची ही जागा पुढें १८८५ पासून गव्हर्नरांचें कायमचें निवासस्थान झाली; तेंच नंतर राजभवन झालें. आपल्या प्रांतांतील समुद्रकांठच्या विश्रामगृहांपैकीं हें एक जुनें व ठळक उदाहरण होय. उंच खडक, रुंद व्हरांडे, सर्व बाजूंनीं वारा, ही रचना उत्तम होती हें मान्य केलें पाहिजे. मात्र अशा बंगल्यांतला गारवा पुष्कळदां समुद्रावरून न येतां पंखा ओढणाऱ्याच्या दंडांतून येत असे, हेंही विसरूं नये.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा या इतिहासांत वेगळाच पडतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनीं १८८५ च्या नोव्हेंबरांत पदच्युत केलें आणि पुढच्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. त्याच्यासाठीं बांधलेला वाडा १९१० सालीं पुरा झाला. १९१६ च्या डिसेंबरांत तो तेथेंच वारला. भाट्याच्या खाडीवर पाहणारी ती उंच जागा, त्या अर्धवर्तुळाकार कोरीव लांकडी खिडक्या, तीं उतरतीं छपरें, सर्व कांहीं वाऱ्याला व पावसाला धरून केलेलें आहे. सुखाचीं सर्व साधनें जमवूनही ज्याला तेथून जाण्याची मोकळीक नाहीं, त्याला समुद्राचें दर्शन कसें वाटलें असेल? आज त्या वाड्यांत वस्तुसंग्रहालय आहे आणि शाळांच्या सहली तेथें जातात. मीही एकदां मुलांना घेऊन गेलों होतों. मुलें सारा वेळ खिडक्यांपाशींच होतीं.

मध्यंतरीं घरांच्या छपरांत एक मोठा पालट झाला. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें यंत्रानें कौलें करण्याचा कारखाना काढला. त्यापूर्वीं कुंभाराच्या हातचीं नळीचीं कौलें असत. तीं वानरांनीं हलवलीं, वाऱ्यानें सरकलीं कीं दरसाल पावसाळ्यापूर्वीं चाळून घ्यावीं लागत. मंगळुरी कौल एकमेकांत अडकून बसतें, म्हणून छप्पर हलकें व एकसारखें झालें आणि सबंध पश्चिम किनाऱ्यावर लाल दिसूं लागलें. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींतल्या घरांना पुढें बसावयाचा ओटा, म्हणजे बाल्कांव, आणि खिडक्यांना कांचेऐवजीं कालवाच्या पातळ शिंपल्यांचीं तावदानें असत. त्या तावदानांतून उजेड दुधासारखा झिरपून येतो आणि उन्हाची धग बाहेर राहते. माझ्या विद्यार्थ्याच्या कांचेच्या भिंतीशीं मीं याची तुलना मनांत केली, तेव्हां मला प्रथमच तिची शंका आली.

समुद्रकांठच्या घराचा सर्वांत चांगला उपयोग कोणीं केला, असें मला कोणीं विचारलें तर मी किहीमच्या एका घराचें नांव घेईन. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली हे १९३० सालीं, हातीं नोकरी नसतांना, अलिबागजवळच्या किहीम येथें झाडींतल्या एका घरीं राहिले आणि तेथें त्यांनीं सुगरण पक्ष्याच्या विणीचें निरीक्षण केलें. नर अनेक घरटीं अर्धवट विणून ठेवतो, मादी येऊन तीं तपासते, आणि तिला पसंत पडेल तेंच पुरें होतें, हें त्यांनीं तेथें टिपलें. झाडें तोडून समुद्र उघडा केला असता तर त्या घराच्या व्हरांड्यांतून काय दिसलें असतें? नुसतें पाणी. (घरधनिणीची पसंती घेतल्याशिवाय पक्षीसुद्धां घरटें पुरें करीत नाहीं, ही गोष्ट घर बांधणाऱ्या गृहस्थांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.)

स्वातंत्र्यानंतर विश्रामगृहें हा व्यापार झाला, आणि तेव्हांच कांहीं जाणत्या वास्तुशिल्पज्ञांनीं या प्रश्नाचा नव्यानें विचार केला. सिंहलद्वीपांत जेफ्री बावा यांनीं १९४८ सालीं बेंटोटाजवळ लुनुगंगा ही जुनी रबराची वाडी विकत घेतली आणि पुढचीं पन्नास वर्षें तिची बाग घडवीत राहिले. त्याच गांवीं १९६९ सालीं त्यांचें समुद्रकांठचें हॉटेल उभें राहिलें. आपल्याकडे चार्ल्स कोरिया यांनीं केरळांत कोवळम् येथें १९६९ ते १९७४ या काळांत जें विश्रामगृह केलें, त्यांतल्या खोल्या पुळणीवर न मांडतां डोंगराच्या उतारांत पायऱ्यांसारख्या बसवल्या. त्यामुळें पुळण मोकळी राहिली आणि प्रत्येक खोलीला समुद्रही दिसला. पुढें १९८२ च्या सुमारास गोमंतकांत दोनापावलाजवळ त्यांचेंच सिदाद द गोवा हें हॉटेल झालें. मूळच्या गोमंतकीय घराण्यांतले हे गृहस्थ, उष्ण प्रदेशांत छप्पर आणि उघडें आकाश यांच्या मधल्या सांवलीच्या जागेला फार मोल देत. आपली पडवी तीच नव्हे काय?

परंतु चांगलीं उदाहरणें थोडीं आणि वाईट पुष्कळ, अशी स्थिति झाली तेव्हां कायदा आला. १९८१ च्या नोव्हेंबरांत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पांचशें मीटरपर्यंतचा भाग बांधकामापासून मोकळा ठेवावा असें कळवलें. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. तींत पांचशें मीटरांचा पट्टा नियमनाखालीं आला आणि खेड्यापाड्यांच्या मोकळ्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून दोनशें मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई झाली. २०११ सालीं ती नव्यानें निघाली. आणि २०१९ च्या जानेवारींत पुन्हां बदल होऊन दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तें अंतर पन्नास मीटरांवर आलें. कायद्याच्या गुणदोषांत मी शिरत नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, दिल्लीच्या कचेरींत ज्या रेषेची मोजदाद चालली आहे, ती शेजारच्या बाईंना पानाच्या आकारावरून ओळखतां येत होती. फरक इतकाच कीं कागदावरची रेषा सरकवतां येते. वेल सरकते ती वाळूबरोबर.

माझ्या विद्यार्थ्याच्या जागेपासून फार दूर नाहीं अशा एका घराचा वृत्तांत मीं याच शोधांत वाचला, आणि त्यानें माझें समाधान झालें. अलिबागच्या दक्षिणेस नांदगांव म्हणून समुद्रकांठचें गांव आहे. तेथें चालत्या नारळीच्या वाडींत बिजोय जैन आणि त्यांची स्टुडिओ मुंबई ही मंडळी यांनीं सुटीच्या दिवसांत राहण्यासाठीं एक घर २००७ सालीं पुरें केलें. ताडाच्या लांकडावरून त्याला पामायरा हाउस असें म्हणतात. दोन लांबट इमारती समोरासमोर, किंचित् मागेंपुढें, आणि मध्यें मोकळा चौक व पोहण्याचें लहान तळें. सांगाडा ऐनाच्या लांकडाचा, खाचा एकमेकांत बसवून सुतारकामानें जोडलेला. भिंतींच्या जागीं ताडाच्या खोडाच्या बाहेरच्या कठीण भागांतून काढलेल्या तिरप्या पट्ट्यांच्या झिलमिल्या. वारा त्यांतून येतो, ऊन तुटून येतें. जोतें, फरसबंदी व कुंपणाच्या भिंती यांना तिथलाच काळा दगड. गिलाव्याला रंग तिथल्याच वाळूचा. वाडींतल्या तीन विहिरींचें पाणी गाळून एका मनोऱ्यावर चढवतात आणि तेथून तें आपल्या वजनानें घरांत उतरतें. वाडीला पाणी नेणारे दगडी पाट तसेच ठेवून त्यांच्यामध्यें घर बसवलें आहे. २०१० सालच्या आगाखान वास्तुकला पुरस्कारासाठीं निवडलेल्या मोजक्या वास्तूंत हें घर होतें.

हें घर धनिकाचें आहे, आणि अशी सुतारकी सर्वांना परवडण्यासारखी नाहीं, हा आक्षेप मला मान्य आहे. लांकडी पट्ट्या खाऱ्या हवेंत दरसाल निगा मागतात, हेंही उघड आहे. तरी तें पाहून माझ्या मनांतली एक गांठ सुटली. आगरांतल्या माणसानें समुद्राला पाठ केली कारण त्याला निवारा हवा होता. सुटीसाठीं येणारा माणूस त्याच्याकडे तोंड करतो कारण त्याला दर्शन हवें आहे. या दोहोंचा झगडा आहे असें मी समजत होतों. नांदगांवच्या घरानें तोंड समुद्राकडे केलें आहे, पण माडांच्या खोडांतून. झाडें काढून नव्हे. पूर्वींची पडवी आणि पूर्वींचा झांपांचा आडोसा यांचेंच तें नवें रूप आहे. समुद्र तेथें देवळाच्या जाळीदार मंडपांतून मूर्ति दिसावी तसा दिसतो.

हें मी विद्यार्थ्याला पत्रानें लिहिणार होतों. पण तेवढ्यांत ३ जून २०२० हा दिवस उजाडला. निसर्ग हें चक्रीवादळ त्या दुपारीं अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक होता. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत छपरें गेलीं, आणि नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारींत आडव्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस होते. मी आठ दिवस दूरध्वनीशीं बसून होतों.

विद्यार्थ्याच्या घराचें झालें तें असें. कांचेची भिंत फुटली आणि खालच्या मजल्यावर गुडघाभर वाळू आली. लाटांचें पाणी सपाट मैदानावरून थेट विहिरीपर्यंत पोंचलें. ती विहीर पुढें दोन पावसाळे खारट लागत होती. सिमेंटचें छप्पर मात्र जागचें हललें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. शेजारच्या बाईंच्या घराचीं निम्मीं कौलें उडालीं, अकरा माड पडले, आणि पोफळी तर जवळजवळ सर्वच मोडल्या. बांधाच्या मागें राहिलें म्हणून वादळ त्यांना सोडून गेलें, असें कांहीं झालें नाहीं. फक्त त्यांच्या अंगणांत वाळू आली नाहीं, आणि त्यांची विहीर गोडी राहिली. त्या पावसाळ्यांत दोन्ही घरांचें पिण्याचें पाणी त्याच विहिरीवरून गेलें. कौलें कोठें मिळेनात, तेव्हां बाईंनीं शेवटीं अर्ध्या घरावर पत्रा घातला. पावसांत तो फार वाजतो, अशी त्यांची तक्रार आहे.

विद्यार्थ्यानें घर पाडलें नाहीं. पश्चिमेच्या बाजूस त्यानें उतरत्या छपराची रुंद पडवी काढली आणि कांचेच्या जागीं लांकडी झिलमिल्या बसवल्या. पैसा पुरेना म्हणून ताडाऐवजीं साध्या लांकडाच्या. बाईंनीं सांगितल्याप्रमाणें समोरच्या मैदानांत सुक्या झांपांचीं बुटकीं कुंपणें उभीं केलीं. वाऱ्याबरोबर येणारी वाळू त्यांना अडून सांठत जाते. एक कुंपण बुजलें कीं त्याच्यावर दुसरें. मागच्या बाजूस उंडीचीं रोपें आणि बाईंच्या बनांतून आणलेले केवड्याचे फुटवे लावले.

गेल्या हिवाळ्यांत त्याचें पत्र आलें. बांध आतां कमरेइतका उंच झाला आहे आणि केवडा त्याच्यावर हातभर. खाटेवर पडून समुद्र दिसावयाचा आतां बंद झाला. पडवींत उभें राहिलें तर दिसतो. मर्यादवेल कोणीं लावली नव्हती. ती आपण होऊन आली, आणि सध्यां तिसऱ्या कुंपणाशीं आहे.